फ्रेमचा शेवट कोण ठरवतो? सीरियल कंट्रोलरच्या सेटिंगमागचा इतिहास

बडोद्यात गोत्रीला गुजरातचे राज्य भार प्रेषण केंद्र आहे. भारतातील वीज पारेषणात उपकेंद्रातील आरटीयू (मोजमापे दूरवर पाठवणारी उपकरणे) आणि अशी केंद्रे यांच्यातील सीरियल दुव्यांसाठी आयईसी ६०८७०-५-१०१ हा प्रोटोकॉल १९९५ नंतर रूढ होत गेला. या क्षेत्रात नव्याने आलेल्या अभियंत्याला जुन्या कार्डावरील झेड८५३० सारख्या सीरियल कंट्रोलर चिपच्या प्रोग्राममध्ये सुरुवातीलाच तिच्या रजिस्टरमध्ये (सेटिंगच्या कप्प्यांत) भरायच्या आकड्यांची एक रांग दिसते, आणि ती बहुधा डोळे मिटून जशीच्या तशी उतरवली जाते. त्या आकड्यांना अर्थ आहे, पण तो चिपच्या माहितीपुस्तकापेक्षा प्रोटोकॉलच्या इतिहासात अधिक सहज सापडतो.

फ्रेम म्हणजे दुव्यावरून एका वेळी जाणारा संदेशाचा गठ्ठा. आयबीएमने १९६७ मध्ये आणलेल्या बायसिंक या प्रेषणपद्धतीत संदेशाची सुरुवात आणि शेवट ठरावीक नियंत्रक अक्षरांनी दाखवला जाई. मजकूर छापील अक्षरांचा असेतो हे ठीक होते, परंतु पाठवायचा डेटा कोणत्याही बिटांचा असू लागला की त्यात शेवटाचे अक्षर योगायोगानेही येऊ शकते. म्हणून पारदर्शक अवस्थेत नियंत्रक अक्षरापूर्वी डीएलई हे खुणेचे अक्षर लावणे, आणि डेटातच डीएलई आला तर तो दोनदा पाठवणे, असा नियम करावा लागला. प्रेषकाकडे पुढचा बाइट वेळेवर तयार नसेल, तर मधली पोकळी सिंक अक्षरांनी भरता येई आणि ग्राहक (संदेश घेणारे टोक) ती गाळून टाकी.

१९७० च्या दशकाच्या मध्यास आयबीएमच्याच एसडीएलसी या नव्या प्रोटोकॉलने हा प्रश्न अक्षरांच्या पातळीवरून बिटांच्या पातळीवर नेला. फ्रेमच्या दोन्ही टोकांना ०११११११० हा फ्लॅग ठेवायचा, आणि आत सलग पाच १ आले की प्रेषकाने पुढे एक ० घालायचा व ग्राहकाने तो काढायचा, एवढ्या एका नियमाने डेटात फ्लॅग येण्याची शक्यताच संपली. आयएसओच्या एचडीएलसी या प्रमाणाने हीच रचना स्वीकारली, आणि १९७६ च्या एक्स.२५ या डेटाजाळ्यांच्या प्रमाणापासून तिचा वंश वाढत गेला.

झायलॉगची झेड८५३० ही चिप हे दोन्ही काळ आणि साधा असिंक्रोनस (प्रत्येक अक्षर स्टार्ट-स्टॉप बिटांसह वेगळे पाठवण्याचा) प्रकारही एकाच तुकड्यात सांभाळते. म्हणूनच चौथ्या रजिस्टरने प्रकार ठरवणे हे पहिल्या कामांपैकी असते, कारण पुढच्या कित्येक बिटांचा अर्थ त्यावर अवलंबून असतो. सहावे आणि सातवे रजिस्टर बायसिंकमध्ये सिंक अक्षरे धरतात; एसडीएलसीमध्ये तिथेच अनुक्रमे स्थानकाचा पत्ता आणि फ्लॅग बसतो. एसडीएलसीला फ्लॅग एकच असताना ७ई (०११११११० चे हेक्स रूप) ही किंमत आपल्याला हाताने का लिहावी लागते, याचे उत्तर या सामायिक जागेत आहे.

खरा पेच मात्र प्रेषण बफर (पाठवायचा पुढचा बाइट ठेवण्याची जागा) रिकामा होण्याचा, म्हणजे अंडररनचा, आहे. एसडीएलसीत फ्रेमची लांबी आधी सांगितलेली नसते, त्यामुळे बफरमध्ये पुढचा बाइट आला नाही की चिप फ्रेम संपली असे समजून सीआरसी (चूक ओळखण्याचा तपासणी-आकडा) आणि फ्लॅग पाठवते. त्यासाठी फ्रेम सुरू झाल्यावर अंडररन लॅच (अंडररनची नोंद ठेवणारा बिट) रीसेट करावा लागतो; तो राहिला तर सीआरसीविनाच फ्लॅग जातो. प्रोसेसरला मध्येच उशीर झाला तर परिणाम आणखी वाईट, कारण अर्धवट फ्रेमवर बिनचूक सीआरसीचा शिक्का बसतो आणि ग्राहकाला शंकाही येत नाही. यावर उतारा दहाव्या रजिस्टरमध्ये आहे: पहिल्या बाइटनंतर ‘अंडररन झाल्यास अ‍ॅबॉर्ट पाठव’ (म्हणजे फ्रेम रद्द झाल्याची खूण पाठव) हा बिट लावायचा आणि शेवटचा बाइट दिल्याबरोबर काढायचा. हा क्रम प्रोग्राममध्ये विचित्र वाटतो, पण माझ्या मते या चिपच्या मांडणीतला सर्वांत सुज्ञ भाग तोच आहे.

त्याच रजिस्टरमधील एनआरझेडआय या बिट-संकेतनाची निवड घड्याळासाठी, म्हणजे ग्राहकाला बिटांची वेळ कळावी म्हणून, असते. ० आला की सिग्नल पालटतो आणि घुसवलेल्या ० मुळे पालट फार काळ लांबत नाही; त्यावर चिपमधील डीपीएलएल (डिजिटल फेज-लॉक्ड लूप) हे सर्किट वेळ जुळवून घेते. अ‍ॅपलने १९८४ च्या मॅकिंटॉशमध्ये हीच चिप वापरली, आणि तिच्या लोकलटॉक या संगणकजाळ्याचे २३०.४ किलोबिट प्रतिसेकंदाचे एसडीएलसी-धर्तीचे फ्रेम तिच्यावरच धावले, मात्र एफएम० या वेगळ्या संकेतनात.

आता उपकेंद्राकडे. सुरुवातीस सांगितलेल्या आयईसी १०१ प्रोटोकॉलची एफटी१.२ नावाची फ्रेम असिंक्रोनस आहे: सम पॅरिटी, एक स्टॉप बिट, बदलत्या लांबीच्या फ्रेममध्ये सुरुवातीला हेक्स ६८, मग लांबी दोनदा, पुन्हा ६८, आणि अखेरीस बेरजेवर आधारित चेकसम व हेक्स १६. येथे शेवट लांबीवरून कळतो, बिट घुसवावा लागत नाही. मात्र फ्रेमच्या आत दोन अक्षरांमध्ये लाइन रिकामी राहू द्यायची नाही, असा प्रमाणाचा नियम आहे, आणि चूक आढळल्यास पुढच्या फ्रेमपूर्वी किमान ३३ बिटांइतका विराम लागतो. बायसिंकमध्ये सिंक अक्षरांनी भरून निघणारी, एसडीएलसीत शेवटाची खूण ठरणारी तीच रिकामी अवस्था इथे फ्रेम बाद करण्याचे कारण होते. त्यामुळे एसडीएलसीसाठी लिहिलेला, बफर भरणारा इंटरप्ट रूटीन फक्त चौथे रजिस्टर बदलून १०१ साठी वापरता येत नाही. बफर भरत ठेवण्याची जबाबदारी नव्याने मोजावी लागते.