वाद्य सरकारचं, वादकही सरकारचा

सोव्हिएत संगीताचा विषय निघाला की गाडी लगेच स्टालिन आणि संगीतकार शोस्ताकोविच यांच्यावर येते. त्या दोघांची गोष्ट मोठीच आहे, पण ऑर्केस्ट्राच्या मागच्या रांगेतला ओबो हे सनईसारखं वाद्य फुंकणारा किंवा अझरबैजानच्या बाकूमधला ‘तार’ हे तंतुवाद्य वाजवणारा कसा जगला हे तिच्यातून कळत नाही. त्यासाठी एक साधा, व्यवहाराचा प्रश्न जास्त उपयोगी पडतो: वाजवणाऱ्याच्या हातातलं वाद्य कोणाचं होतं?

क्रांतीनंतर याचं उत्तर झपाट्याने बदललं. जुलै १९१८ मध्ये लेनिनच्या हुकुमाने पेत्रोग्राद (आधीचं पीटर्सबर्ग, पुढचं लेनिनग्राड) आणि मॉस्कोच्या कॉन्झर्व्हेटरी, म्हणजे संगीत महाविद्यालयं, सरकारजमा झाल्या. बेकर हा झारच्या काळातला नामांकित पियानो कारखानाही सरकारने घेतला. पुढे तो ‘क्रास्नी ओक्त्याब्र’, म्हणजे ‘लाल ऑक्टोबर’ या नावाने चालला. उमरावांच्या वाड्यांतली स्त्रादिवारी, अमाती, ग्वार्नेरी या जुन्या इटालियन कारागिरांची व्हायोलिनं आणि चेलो गोळा करण्याच्या कामात बोल्शोई थिएटरचा चेलोवादक व्हिक्टर कुबात्स्की पुढे होता. १९१९ मध्ये दुर्मीळ वाद्यांचा राज्य संग्रह सुरू झाला. यादवी युद्ध पेटलेलं, शहरांत पाव मिळेना, आणि अशा वेळी सरकार व्हायोलिनांच्या याद्या करत होतं.

याला लूट म्हणून मोकळं होता येईल, पण तेवढ्याने भागत नाही. वाड्यांतल्या कपाटात पडून असलेली ही वाद्यं आता चांगल्या वादकांना वापरायला मिळू लागली. झारच्या राज्यात ज्यूंना मॉस्को-पीटर्सबर्गमध्ये राहायलासुद्धा खास परवाना लागे. १९३७ मध्ये ब्रसेल्सच्या इझाई स्पर्धेत ओडेसाच्या ज्यू कुटुंबातल्या दाविद ओइस्त्राखने पहिला क्रमांक पटकावला. तिसरा, चौथा, पाचवा आणि सहावा क्रमांकही सोव्हिएत वादकांनीच घेतला. फुकट संगीतशिक्षण, चांगले गुरू आणि सरकारी वाद्यं यांचं हे फळ होतं. अट एकच: दिलेलं वाद्य परत मागण्याचा हक्क देणाऱ्याकडेच राही.

सुरुवातीची दहा वर्षं मोकळी होती. मॉस्कोत १९२२ ते १९३२ ‘पेर्सिम्फान्स’ नावाचा कंडक्टर नसलेला ऑर्केस्ट्रा चालला. वादक गोलाकार बसत, काही जण तर श्रोत्यांकडे पाठ करून. मालक नको तसा कंडक्टरही नको, असा हिशोब. लेव तेर्मेनने हात न लावता वाजणारं विजेचं वाद्य बनवलं आणि १९२२ मध्ये लेनिनला दाखवलं. लेनिनने स्वतः ते वाजवून पाहिलं. तेर्मेन पुढे अमेरिकेत गाजला, १९३८ मध्ये परतला आणि पुढच्याच वर्षी अटकेत गेला. कोलिमाच्या सक्तमजुरीच्या छावणीनंतर त्याला कैदी शास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेत ठेवलं गेलं. मॉस्कोतल्या अमेरिकी राजदूताच्या घरात लाकडी मानचिन्हामागे लपवलेलं, १९५२ मध्ये सापडलेलं चोरून ऐकण्याचं यंत्र त्याच्याच डोक्यातून निघालेलं.

रशियाबाहेरच्या प्रजासत्ताकांत वाद्यांचं काय झालं हा भाग कमी सांगितला जातो. १९२० च्या दशकाच्या अखेरीस बाकूमधल्या काही कार्यकर्त्यांना ‘तार’ हे अझरबैजानचं लाडकं तंतुवाद्य सरंजामी, रडकं आणि नव्या माणसाला न शोभणारं वाटू लागलं. ते शिकवणं थांबवा, अशी मागणी झाली. तरुण कवी मिकायिल मुश्फिकने उत्तरादाखल ‘गा, तार’ ही कविता लिहिली. स्टालिनच्या मोठ्या धरपकडीत त्याला अटक झाली आणि जानेवारी १९३८ मध्ये गोळी घालण्यात आली. कविता हे त्याचं कारण नव्हतं, पण अझरबैजानी माणसाच्या मनात या दोन गोष्टी कायमच्या जोडल्या गेल्या. बंडुरा हे युक्रेनचं तंतुवाद्य वाजवणारा नामवंत वादक आणि लेखक ह्नात खोत्केविचही त्याच वर्षी गोळीला बळी पडला.

तार मात्र वाचली. संगीतकार उझेयिर हाजीबेयोव्हने १९३१ मध्ये नोटेशन वाचून वाजवणाऱ्या लोकवाद्यांचा ऑर्केस्ट्रा उभा केला आणि १९३७ च्या ‘कोरोग्लू’ या ऑपेरात युरोपीय वाद्यांशेजारी तारीला बसवलं. जगायचं तर ऑर्केस्ट्रात जागा मिळवायची, हा मार्ग सगळीकडे वापरला गेला. कझाकस्तानात अख्मेत झुबानोव्हने १९३४ मध्ये दोंब्रा या तंतुवाद्यांचा ऑर्केस्ट्रा सुरू केला. एकट्याने वाजवायच्या दोंब्रापासून व्हायोलिन-चेलोच्या धर्तीवर लहानमोठ्या आकारांचं आख्खं कुटुंब तयार झालं. ताश्कंदमध्ये अशोत पेत्रोस्यान्त्सच्या देखरेखीखाली उझबेक वाद्यांचे पडदे बारा समान स्वरांत बसवले गेले. ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली ती बरोबर उलट कारणासाठी: ठरीव पट्ट्यांतले स्वर आपल्या गायकीला मारक आहेत म्हणून. ताश्कंदमध्ये त्याच ठरीव स्वरांना प्रगती म्हटलं जात होतं. त्यातून शेकडो मुलं शिकली, नोकऱ्या लागल्या. मकामातल्या, म्हणजे तिथल्या पारंपरिक रागसंगीतातल्या, बारीक श्रुतींची किंमत मोजून. माझ्या मते हे नुकसान छावण्यांइतकं दिसत नाही, म्हणूनच ते भरून निघायला जास्त वेळ लागला.

१९३२ नंतर संगीतकारांचा संघ आला, १९३९ मध्ये त्याचा निधी आला. घर, स्वरलेखनाचा कागद, शांतपणे लिहायला गावाबाहेरचा बंगला, सगळं संघातून. सभासद नसलेल्याला यातलं काही नाही.

युद्धाने हे हिशोब काही काळ बाजूला सारले. वेढ्यातल्या लेनिनग्राडमध्ये कार्ल एलियासबर्गने शोस्ताकोविचच्या सातव्या सिंफनीसाठी रेडिओ ऑर्केस्ट्रा जमवायला घेतला तेव्हा वाजवण्याच्या अवस्थेत जेमतेम पंधरा जण उरले होते. वादकांना जादा शिधा मिळाला, फौजेतल्या बँडमधून माणसं आणली गेली. एका ओबोवादिकेने नंतर सांगितलेली आठवण अंगावर येते: वाद्य दुरुस्त करायला गेली तर कारागिराने मजुरी म्हणून मांजर मागितलं, खायला. ९ ऑगस्ट १९४२ ला सिंफनी झाली.

मग १९४८. १० फेब्रुवारीच्या पक्षाच्या ठरावात शोस्ताकोविच, प्रोकोफिएव्ह, खाचातुरियान या संगीतकारांवर ‘लोकविरोधी’ संगीताचा ठपका आला. शोस्ताकोविचच्या मॉस्को आणि लेनिनग्राडच्या दोन्ही प्राध्यापकी गेल्या. शीतयुद्ध तापत होतं आणि अमेरिकेचं म्हणजे जॅझचं, आणि जॅझचं म्हणजे सॅक्सोफोन, अशी साखळी जुळली. १९४९ मध्ये मॉस्कोच्या सॅक्सोफोनवादकांना वाद्य आणि ओळखपत्र घेऊन बोलावलं गेलं. सॅक्सोफोन जप्त झाले आणि ओळखपत्रावर ‘बसूनवादक’, ‘ओबोवादक’ असं लिहून मिळालं. ‘बसून’ हे फुंकवाद्य हातात कधी धरलं नव्हतं तरी. गंमत अशी की प्रोकोफिएव्हच्या ‘रोमिओ आणि ज्युलिएट’मध्ये आणि खाचातुरियानच्या ‘गायाने’ या बॅलेत सॅक्सोफोन आहेच. बर्लिनमध्ये जन्मलेला ट्रम्पेटवादक एडी रोझनर बेलारूसच्या सरकारी जॅझ ऑर्केस्ट्राचा प्रमुख होता. १९४६ मध्ये पकडला जाऊन तो मगदानच्या छावणीत पोचला आणि तिथे कैद्यांचा ऑर्केस्ट्रा चालवू लागला. छावणीच्या अधिकाऱ्यांना जॅझ हवाच होता.

जे वाजवायला बंदी ते ऐकायलाही चोरूनच. लेनिनग्राडमध्ये रुस्लान बोगोस्लोव्स्की आणि त्याच्या साथीदारांनी इस्पितळांतून टाकाऊ एक्स-रे फिल्म मिळवून त्यांवर गाणी कोरायला सुरुवात केली. फिल्म कात्रीने गोल कापायची, मधलं भोक सिगारेटने पाडायचं. या तबकड्यांना ‘हाडं’ किंवा ‘बरगड्या’ म्हणत. टोळी १९५० मध्ये तुरुंगात गेली; स्टालिननंतर सुटल्यावर पुन्हा त्याच उद्योगाला लागली.

स्टालिन गेल्यावर पहारा सैल झाला, मालकी तीच राहिली. परदेश दौरे ‘गोस्कोन्सर्ट’ ही सरकारी संस्था ठरवी, मानधनाचा मोठा वाटा सरकारजमा होई. उरलेल्या भत्त्यातून पैसे वाचवायचे म्हणून नामांकित वादक हॉटेलच्या खोलीत पाणी तापवायची विजेची कांडी आणि घरून आणलेले मांस-मासळीचे डबे यांवर भागवत. १९७० च्या दशकात देश सोडणाऱ्यांना मौल्यवान वाद्य बाहेर नेता येत नसे. घरातलं पिढीजात व्हायोलिन असलं तरी मंत्रालयाची परवानगी लागे, ती नाकारली की ते मागेच ठेवायचं. अनेक जण साधं कारखान्याचं व्हायोलिन घेऊन निघाले.

तरुणांचा प्रश्न वेगळाच: वाद्य होतंच कुठे? लेनिनग्राडच्या लुनाचार्स्की कारखान्याची ‘तोनिका’ ही विजेवरची गिटार १९६० च्या दशकाच्या अखेरीस आली. दिसायला विचित्र, वाजवायला अवघड. घरी गिटार बनवणारे सार्वजनिक टेलिफोनच्या रिसिव्हरमधला भाग काढून पिकअप म्हणून बसवत, असं त्या पिढीचे वादक सांगतात. सरकारमान्य गटांना समितीपुढे वाजवून श्रेणी मिळे, श्रेणीवर मानधन ठरे. बाकीचे बॉयलर घरात कोळसा टाकायची नोकरी धरत, कारण काम नसणं हा गुन्हा होता. रॉक गायक व्हिक्टर त्सोई त्यांतलाच. घरांत आणि क्लबांत चोरून मैफली होत. ‘वोस्क्रेसेन्ये’ या रॉक गटाच्या अलेक्सेई रोमानोव्हला १९८३ मध्ये अशाच मैफलींचे पैसे घेतल्यावरून खाजगी धंद्याच्या आरोपाखाली पकडलं. १९८८ च्या सहकारी संस्थांच्या कायद्यानंतर मैफली भरवणं हा उघड व्यवसाय झाला.

१९९१ नंतर सरकारी ऑर्केस्ट्रांचे पगार महागाईत वाहून गेले आणि वादक जिथे काम मिळेल तिथे निघाले. त्यातला एक धागा मुंबईपर्यंत येतो. २००६ मध्ये एनसीपीए या नरिमन पॉइंटच्या कलाकेंद्रात सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू झाला तो कझाकस्तानात जन्मलेल्या, मॉस्को कॉन्झर्व्हेटरीत शिकलेल्या व्हायोलिनवादक मारात बिसेनगालिएव्हच्या साथीने, आणि त्याच्यामागोमाग कझाकस्तानातले अनेक वादक तिथे आले.