फुकट नकाशा आणि मुक्त नकाशा

परिसरातल्या झाडांची किंवा सार्वजनिक नळांची यादी हाताशी असते, अक्षांश-रेखांशही नोंदलेले असतात, आणि मग प्रश्न पडतो: नकाशासाठी कोणतं मोफत सॉफ्टवेअर घ्यावं? उत्तरादाखल कुणी क्यूजीआयएस सांगतं, कुणी गूगल, कुणी यूमॅप. तिन्हींना पैसे पडत नाहीत, पण त्यांची घराणी वेगळी आहेत: काही नुसती फुकट, काही मुक्त, म्हणजे कुणीही वापरावीत आणि बदलावीत अशी.

सर्वांत जुनं घराणं चक्क लष्करी. अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलाच्या प्रयोगशाळेत १९८२ साली ‘ग्रास’ या नकाशांचं विश्लेषण करणाऱ्या प्रणालीचं काम सुरू झालं. हेतू साधा होता, लष्कराच्या ताब्यातल्या जमिनींचं व्यवस्थापन. सरकारी काम असल्यामुळे त्यावर कुणाची मालकी नव्हती. नव्वदच्या दशकात लष्कराने अंग काढून घेतलं, तरी ग्रास बंद पडलं नाही. विद्यापीठांतल्या लोकांनी ते चालू ठेवलं आणि १९९९ मध्ये ते जीपीएल या मुक्त परवान्याखाली आलं. फक्त नवख्याने ते उघडलं की घाम फुटायचा. (अजूनही फुटतो.)

२००२ मध्ये गॅरी शर्मन यांना लिनक्सवर नकाशाचा डेटा नुसता पटकन बघायचा होता. त्यासाठी त्यांनी लिहिलेला छोटा प्रोग्राम म्हणजे क्वांटम जीआयएस. सुरुवातीला त्यात पोस्टजीआयएस या डेटाबेसमधले नकाशाचे थर (लेयर) दिसायचे, बस्स. १.० आवृत्ती यायला २००९ उजाडलं, आणि २०१३ मध्ये नाव आखडून क्यूजीआयएस झालं. आज ग्रासची बरीच साधनं त्याच्या आतूनच वापरता येतात.

दुसरं घराणं ब्राउझरमधलं. २००५ मध्ये गूगल मॅप्स आलं आणि हौशी प्रोग्रामरांनी त्यावर आपापले ठिपके टाकायला सुरुवात केली. गूगलने मग त्यासाठी अधिकृत वाटही खुली केली. २००९ मध्ये फ्यूजन टेबल्स आलं: तक्ता चढवा, नकाशा तयार. नवशिक्यासाठी इतकं सोपं काही नव्हतं, हे मान्यच करायला हवं. पण ३ डिसेंबर २०१९ ला गूगलने ते बंद केलं. डेटा आधी उतरवून घेता येत होता, पण त्यावर उभे असलेले नकाशे मात्र गेले. त्याच्या आदल्याच वर्षी मॅप्सची दररचनाही बदलली होती. आपला प्रोग्राम त्या नकाशाला जोडायचा तर बिलिंग खातं उघडणं सक्तीचं झालं.

याच काळात तिसरी गोष्ट वाढत होती. ब्रिटनमध्ये सरकारी नकाशांचा डेटा महाग आणि अटींनी जखडलेला, म्हणून स्टीव्ह कोस्ट यांनी २००४ मध्ये लोकांनीच मिळून बनवायचा नकाशा, ओपनस्ट्रीटमॅप, सुरू केला. त्याचा डेटा श्रेय देऊन कुणीही वापरू शकतं. २०११ मध्ये लीफलेट ही वेबपानावर नकाशा दाखवणारी हलकी लायब्ररी (तयार कोडचा संच) आली, आणि या दोन्हींवर ब्राउझरमध्येच नकाशा बनवून देणारं यूमॅप उभं राहिलं.

म्हणून माझं मत असं: नुसते ठिपके दाखवायचे असतील तर यूमॅप पुरे, दुपारभराचं काम. ‘शाळेपासून ५०० मीटरच्या आत किती नळ?’ असं विचारायचं झालं की क्यूजीआयएस. मूळ यादी मात्र सीएसव्हीमध्ये (साध्या मजकुरातला तक्ता) आपल्याच संगणकावर राहू द्यावी.

एक जुनं ओझं मात्र क्यूजीआयएसमध्येही भेटतं. नकाशाचा डेटा साठवणारी नव्वदच्या दशकातली शेपफाइल एकच फाइल वाटते, पण ती किमान तीन फाइलींची जुडी असते. त्यातली माहितीचा तक्ता असलेली डीबीएफ पाठवायची राहिली की आकार उरतात, माहिती जाते. त्यात स्तंभाच्या नावाला जेमतेम दहा बाइट मिळतात, आणि यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं. ‘नळ’ बसतो, ‘पाणीपुरवठा’ तुटतो. २०१४ मध्ये आलेल्या जिओपॅकेज या फाइलप्रकारात ही अडचण नाही.

आणि पहिल्याच नकाशात सगळे ठिपके समुद्रात पडले, तर सॉफ्टवेअरला दोष देऊ नका. आपण बोलताना अक्षांश आधी म्हणतो, जिओजेसन या नकाशाच्या फाइलप्रकारात रेखांश आधी लागतो.