नोटरी केली म्हणजे नॉमिनी बदलला, असं नाही

जळगाव-धुळ्याकडे एक समज घट्ट बसलाय: पेन्शन पॉलिसीचा नॉमिनी बदलायचा तर स्टँपपेपरवर लिहून नोटरी केली की झालं. तेवढ्याने काम होत नाही. विमा कायदा १९३८, कलम ३९ प्रमाणे बदलाची लेखी सूचना विमा कंपनीकडे पोचावी लागते. मृत्युपत्रानेही नॉमिनी बदलता येतो; पण ते कपाटातच राहिलं आणि कंपनीने नोंदीतल्या जुन्या नॉमिनीला प्रामाणिकपणे पैसे दिले, तर तिची जबाबदारी संपली. पुढे भावाबहिणींनी कोर्टाच्या पायऱ्या झिजवायच्या. अर्ज दिलात की नोंदीची लेखी पोच घ्याच. नाव, पॉलिसी क्रमांक तिथेच ताडून पाहा. आणि पॉलिसीच्या बाँडवर ‘खरेदी किंमत परत’ हा पर्याय, म्हणजे मृत्यूनंतर भरलेली मूळ रक्कम नॉमिनीला मिळण्याची सोय, आहे का, तेही बघा. नुसती तहहयात पेन्शन असेल, तर नॉमिनी कुणीही असो, मूळ रक्कम परत मिळत नाही.