आर्क्टिकमध्ये भारताचं काय काम?

आयर्विन पुलाशी कृष्णा चढली की सांगलीच्या ग्रुपांवर हवामानाच्या मेसेजांसोबत हाही फिरतो: 'आर्क्टिक काठच्या आठ देशांचं, तिथे भारताला कोण विचारतो?' साफ चूक. नॉर्वेच्या न्यू-ऑलेसुंडमध्ये २००८ पासून आपलं 'हिमाद्री' हे संशोधन ठाणं आहे. शेजारी जर्मनी, जपान, चीन, कोरियाची ठाणी. (जागा नॉर्वेचीच हं, 'भारताची जमीन' वगैरे काही नाही.) २०१४ मध्ये तिथल्या खाडीत सुमारे १९२ मीटर खोलीवर 'इंडआर्क' ही पाण्याखालची वेधशाळा नांगर टाकून बसवली, तीही नॉर्वेच्या जहाजावरून. दोराला वेगवेगळ्या खोलीवर बांधलेले सेन्सर पाण्याचं तापमान, क्षारता टिपत राहतात, अगदी हिवाळ्यातल्या अंधारातही. २०१३ पासून त्या आठ देशांच्या आर्क्टिक परिषदेत भारत निरीक्षक आहे. बसायला जागा मिळते. निर्णय मात्र त्या आठांचाच.