हँडल धरायचं की सीट?

मुलाला सायकल शिकवताना मोठ्या माणसाचा हात दोनच जागी असतो. एक तर हँडलवर, नाही तर सीटच्या मागे. लांबून बघणाऱ्याला दोन्ही सारखंच वाटतं: मूल पॅडल मारतंय आणि शेजारी कुणीतरी धापा टाकत पळतंय. पण हँडल धरलं असेल तर सायकल कुठे वळणार हे मोठा माणूस ठरवतो. सीट धरली असेल तर मूल ठरवतं, आपण फक्त ते आपटणार नाही एवढं बघतो.

पुढाकार आणि पाठबळ यांतला फरक नेमका हाच. पुढे कोण उभा आहे, आवाज कोणाचा मोठा, घाम कोणाला जास्त येतोय, यावरून तो कळत नाही. निर्णय कोणाच्या हातात आहे, तेवढंच बघायचं.

घोळ होतो तो आपण दोन्हींना 'मदत' म्हणतो म्हणून. नवीन सहकारी अहवाल लिहिताना अडलाय. 'दे इकडे, मी करतो' आणि 'कुठे अडलंय, दाखव' ही दोन्ही वाक्यं चांगल्या मनानेच म्हटली जातात. पण पहिल्यात काम हातातून जातं, दुसऱ्यात हातातच राहतं. तिसरं एक वाक्य आहे, 'तुला हवं तसं कर, मी आहेच', आणि ते म्हणणारा पुन्हा फिरकत नाही. याला मी पाठबळ म्हणणार नाही. सीटवरचा हात केव्हाच निघालेला असतो.

मग हँडल कधी धरायचं? सगळ्यांना दिसतंय आणि कुणीच हलत नाही, तेव्हा. जॉन डार्ली आणि बिब लाताने या मानसशास्त्रज्ञांनी 1968 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. वेगवेगळ्या खोल्यांत बसलेले विद्यार्थी इंटरकॉमवर बोलत होते आणि त्यातल्या एकाला फिट आल्याचे आवाज ऐकवले गेले. हे ऐकणारे आपण एकटेच आहोत असं ज्यांना वाटत होतं, त्यांतले 85 टक्के जण फिटचे आवाज संपायच्या आत मदतीसाठी उठले. आणखी चौघं ऐकताहेत असं वाटणाऱ्यांत हे प्रमाण 31 टक्क्यांवर आलं. ती माणसं निर्दय नव्हती, दुसरं कुणीतरी उठलं असेल असं धरून बसली होती. म्हणूनच प्रथमोपचार शिकवताना सांगतात की 'कुणीतरी अ‍ॅम्ब्युलन्स बोलवा' असं ओरडू नका, एकाकडे बोट करून 'निळा शर्ट, तुम्ही फोन लावा' म्हणा. असं म्हणायला डॉक्टर असावं लागत नाही. जास्त जाणकार माणूस आला की बाजूला होता आलं पाहिजे, एवढं मात्र हवं.

हृदय बंद पडलेल्या रुग्णावर इस्पितळात उपचार चालू असतात, तेव्हाचं दृश्य तर उलटंच वाटेल. छातीवर दाब देणारा घामाघूम असतो आणि साधारण दर दोन मिनिटांनी तिथला माणूस बदलतो. पथकाचा प्रमुख शक्यतो मोकळ्या हातांनी उभा राहून सगळ्यांवर नजर ठेवतो. पुढाकार त्या मोकळ्या हातांकडे असतो.

हा फरक सगळ्यात महागात पडला तो विमानांच्या कॉकपिटमध्ये. 27 मार्च 1977 रोजी स्पेनच्या तेनेरीफ बेटावर दाट धुक्यात दोन जंबो जेट धावपट्टीवर एकमेकांवर आदळली आणि 583 माणसं गेली. के.एल.एम. या डच विमान कंपनीच्या कॅप्टनने उड्डाणाची परवानगी मिळण्याआधीच विमान धावपट्टीवर दौडवायला सुरुवात केली होती. पुढचं विमान अजून धावपट्टीवरून गेलं नाही का, असं फ्लाइट इंजिनिअरने विचारलंही. कॅप्टनने ठामपणे 'गेलं' म्हटल्यावर विषय तिथेच संपला. वैमानिकांना शिकवणारा ज्येष्ठ माणूस तो, त्याला पुन्हा कोण टोकणार? अशा अपघातांनंतर कॉकपिटमधल्या प्रशिक्षणाचा रोखच बदलला: शंका आली की खालच्याने स्पष्ट बोलायचं आणि वरच्याने ऐकायचं. मान डोलावणं आणि पाठबळ देणं यांतली गल्लत तिथे इतकी भोवली.

दुसरं टोक 19 जुलै 1989 चं. युनायटेड एअरलाइन्सच्या एका डी.सी.-10 विमानाचं शेपटाकडचं इंजिन फुटलं आणि तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा निकामी झाल्या, म्हणजे विमान वळवायची नेहमीची साधनंच गेली. प्रवाशांमध्ये डेनी फिच हे वैमानिकांचे प्रशिक्षक होते. कॅप्टन अल हेन्स यांनी त्यांना आत घेतलं आणि उरलेल्या दोन इंजिनांचे थ्रॉटल, म्हणजे त्यांचा जोर कमीजास्त करणारे दांडे, त्यांच्या हाती दिले. विमान अमेरिकेतल्या सू सिटीच्या धावपट्टीवर आदळलं, तरी 296 पैकी 184 जण वाचले. महत्त्वाचा खटका दुसऱ्याच्या हाती देऊनही कॅप्टन हेन्सच राहिले. हे जमणं कठीण आहे, आणि मला तरी पुढाकाराचा सगळ्यात अस्सल नमुना हाच वाटतो.

रोजच्या आयुष्यात विमानं पडत नाहीत, त्यामुळे वेळ ओळखणं जास्त अवघड जातं. मी दोन गोष्टी बघतो. चूक झाली तर निस्तरता येईल का? येणार असेल तर सीट. येणार नसेल आणि विचाराला वेळही नसेल तर हँडल. दुसरं, समोरच्याला येत नाहीये की धीर होत नाहीये? न येणाऱ्याला 'तुला जमेल रे' म्हणत राहणं ही क्रूर थट्टा. येत असून कचरणाऱ्याला पायरीपायरीने समजावणं हा अपमान. एकच माणूस एका कामात पहिल्या प्रकारचा आणि दुसऱ्या कामात दुसऱ्या प्रकारचा असतो, म्हणून माणसाकडे बघून एकदाच ठरवून चालत नाही.

आणि हँडल घेतलं तर परत द्यायचं कधी? वैमानिक ताबा घेताना आणि देताना तसं तोंडाने म्हणतात, दुसरा ते परत उच्चारतो, म्हणजे विमान कोणाच्या हातात आहे याचा संशय उरत नाही. आपल्याकडे घेताना 'या आठवड्यापुरतं मी बघतो' म्हटलं जातं, देताना कुणीच काही म्हणत नाही. वर्षभराने तो अहवाल आपणच लिहीत असतो, आणि ज्याचा होता तो म्हणतो, तुम्हालाच आवडतं ना ते.