सुरुंग भरणारा हात आणि खाणीचा दाखला

भुसावळजवळच्या दीपनगर वीज केंद्रात जळणारा कोळसा रेल्वेने बाहेरून येतो. खान्देशाच्या जमिनीखाली कोळसा नाही, मँगनीज नाही. आहे तो काळा बेसाल्ट, आणि तापीच्या पट्ट्यात त्यावर साचलेला खोल गाळ. म्हणून ‘खाणीतली नोकरी’ म्हटली की जळगाव-धुळ्याकडचा आयटीआय झालेला मुलगा वणी, बल्लारपूर, उमरेड अशी विदर्भातली नावं घेतो. दगड फोडायची विद्या मात्र खान्देशात जुनीच आहे. तिला खाणीच्या दप्तरात जागा का मिळाली नाही, हे समजायला दीडशे वर्षं मागं जावं लागतं.

थळ घाटातून रेल्वे इगतपुरीला १८६५ मध्ये चढली आणि खान्देश ओलांडून १८६७ मध्ये नागपूरला पोचली. घाटातले बोगदे, पुलांचे दगड, रुळांखालची खडी ही सगळी कामं सुरुंग, पहार आणि घणावर झाली. दगडकामात पिढ्यान् पिढ्या असलेल्या वडार समाजाची ही विद्या कुठल्या शाळेत शिकवली जात नव्हती. बाप दगडाची नस दाखवायचा, मुलगा छिन्नी धरायचा. त्याच सुमारास, १८७१ च्या आसपास, वरोऱ्याला कोळशाची खाण सुरू झाली. पुढं १८९६ मध्ये मध्य प्रांतात मँगनीज शोधणारी कंपनी उभी राहिली. आजच्या ‘मॉयल’ या सरकारी मँगनीज कंपनीचं मूळ तेच. मजूर आणायचं काम ठेकेदाराचं आणि मुकादमाचं. उचल देऊन कुटुंबच्या कुटुंब आणली जात. नवरा दगड फोडी, बायको टोपली वाही. बायकांना जमिनीखालच्या कामातून दूर करणारे नियम १९२९ मध्ये आले. शिकवण्याचा प्रश्न कुणी काढलाच नाही, कारण मजूर पाहून पाहून शिकतो हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं.

खाणींचा पहिला कायदा १९०१ चा. पुढच्या वर्षी तपासणीचं खातं आलं, धनबादला खाणविद्येची मोठी संस्था १९२६ मध्ये निघाली. तिथून व्यवस्थापक आणि इंजिनिअर बाहेर पडू लागले. साध्या कामगाराच्या प्रशिक्षणाचे देशभर लागू होणारे स्वतंत्र नियम मात्र १९६६ मध्ये आले. आदल्याच वर्षी आजच्या झारखंडातल्या धोरीच्या कोळसा खाणीतल्या स्फोटात २६८ माणसं गेली होती. म्हणजे या नियमांना पहिल्या कायद्यानंतर पासष्ट वर्षं लागली. हा आकडा मला अस्वस्थ करतो. या नियमांनी खाणीत नव्यानं येणाऱ्याला कामाआधी शिकवणं आणि दर पाच वर्षांच्या आत उजळणी घेणं बंधनकारक केलं. खाणीतले लोक या शिकवणीच्या जागेला ‘व्हीटी सेंटर’, म्हणजे व्होकेशनल ट्रेनिंग सेंटर, म्हणतात.

१९७३ पर्यंत कोळसा खाणींचं राष्ट्रीयीकरण पुरं झालं, १९७५ मध्ये नागपूरला वेस्टर्न कोलफिल्ड्स ही सरकारी कोळसा कंपनी आली आणि हळूहळू भुयारापेक्षा उघड्या खाणी वाढल्या. फावड्याच्या जागी शॉव्हेल म्हणजे यांत्रिक फावडं, टोपलीच्या जागी डंपर. आता ऑपरेटर, फिटर, इलेक्ट्रिशियन हवे होते, तसेच खाणीतल्या कामावर देखरेख ठेवणारे, परीक्षा दिलेले मायनिंग सरदार आणि ओव्हरमन. भरतीच्या वाटाही ठरल्या. जमीन गेलेल्याला नोकरी, त्यात पुढं दोन एकरांमागं एक असं प्रमाण आलं. मृत किंवा कायमच्या अपंग कामगाराच्या वारसाला नोकरी. मग जाहिरात, शिकाऊ उमेदवारी, आणि शेवटी ठेकेदार. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांचा हक्क पहिला, यात दुमत नाही. पण खान्देशातल्या पोराची ना जमीन तिथं, ना बाप खाणीत. त्याच्या वाट्याला शेवटच्या तीनच वाटा.

तोवर त्याच्या गावात दुसरीच शाळा चालू होती, विहिरींची. गाळाच्या पट्ट्यात बोअर खाली जातो, पण साक्री, पारोळा, चाळीसगावकडं कातळ लागतो. तिथं उन्हाळ्यात ट्रॅक्टरवरचा कंप्रेसर येतो, जॅकहॅमरनं होल मारले जातात, जिलेटीनच्या कांड्या आणि डिटोनेटर भरून तार लांब ओढली जाते. सगळे लांब सरले की बार. यातला पोरगा आधी खालचा दगड भरतो, मग मशीन धरतो, शेवटी सुरुंग भरायला शिकतो. दगड कुठं ठिसूळ, भेग कुठल्या अंगानं जाते, न उडालेल्या सुरुंगाजवळ घाईनं का जायचं नाही, हे त्याला वर्गात बसून शिकलेल्याइतकंच कळतं. धूळ छातीत जाते, हे मात्र त्याला कुणी वेळेवर सांगत नाही.

कायद्याच्या लेखी पाण्याची विहीर ही खाण नव्हे. तिथल्या बारासाठी परवाना लागतो तो स्फोटकांच्या खात्याचा, ज्याचं मुख्य कार्यालय नागपूरला आहे. खाणीत ब्लास्टर (सुरुंग उडवणारा) किंवा मेट (कामगारांवर देखरेख करणारा) व्हायला खाण सुरक्षा महासंचालनालयाची परीक्षा, आणि तिला बसायला खाणीतल्या अनुभवाचा दाखला. दहा उन्हाळे विहिरीत काढलेल्याचा अनुभव तिथं मोजला जात नाही. दगडखाणीचंही असंच. १९५२ च्या खाण कायद्यात मुरूम आणि बांधकामाच्या दगडाच्या उघड्या खाणीला बऱ्याच अंशी सूट होती: खोली सहा मीटरच्या आत, माणसं पन्नासपर्यंत आणि स्फोटकं नाहीत तर. सुरुंग लावला की सूट गेली आणि प्रशिक्षित माणूस ठेवणं आलं. तहसील कचेरीत दगडाचा हिशेब ब्रासवर होतो, रॉयल्टीची पावती फाटते. सुरुंग कुणी भरला, हे त्या पावतीवर नसतं.

अलीकडं कौशल्य योजनांत आधीच्या अनुभवाची चाचणी घेऊन प्रमाणपत्र मिळतं, आणि खाण क्षेत्रासाठी कौशल्य परिषदही आहे. पण ते प्रमाणपत्र ब्लास्टरच्या दाखल्याची जागा घेत नाही. २०१५ नंतर खनिजाच्या पैशातून जिल्हा खनिज प्रतिष्ठानं उभी राहिली आणि त्यांच्या अग्रक्रमाच्या कामांत कौशल्य विकास आहे. विहिरीवरच्या पोरांना पावसाळ्यात काम नसतं. त्या चार महिन्यांत धुळ्यात किंवा जळगावात मराठीतून सुरुंगाचा वर्ग घ्यावा, छातीची तपासणी करावी आणि पुढं परवानाधारक दगडखाणीत अनुभवाचा दाखला मिळेल असं काम द्यावं, एवढी तजवीज या प्रतिष्ठानांच्या पैशातून व्हायला हवी.