वावरातल्या गोट्यावरची वाटी: माणसानं कोरलेली की आपोआप पडलेली?

काटोल रोडनं नागपूरच्या बाहेर पडलं की थोड्याच अंतरावर जुनापाणी लागतं. तिथल्या माळावर गोट्यांची जवळपास 300 रिंगणं आहेत, लोहयुगातल्या माणसांची दफनं. रिंगणातल्या काही गोट्यांवर वाटीसारखे खळगे आहेत आणि घोळ तिथंच होतो. आपल्याकडचा काळा पत्थर मुळातच भोकाभोकांचा. कुठल्याही धुऱ्यावर बसा, शेजारच्या गोट्यात दोन-चार सापडतीलच.

ही भोकं लाव्हानं पाडली. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी तो थिजत असताना वायूचे बुडबुडे आत अडकले. काही पोकळ राहिले, काहींत पुढं गारगोटी भरली. म्हणून तळाशी पांढरे किंवा हिरवट खडे चिकटलेले दिसले की वाद मिटला. बुडबुड्यांना शिस्तही नसते: एक ज्वारीच्या दाण्याएवढा, लगतचा बोराएवढा. गोटा फोडला तर आतसुद्धा तेच.

माणसाची वाटी उथळ, गोलसर, घासून गुळगुळीत झालेली असते; गोट्याच्या बाहेरच्या अंगावरच, सारख्या आकाराची आणि बहुतेकदा ओळीत. (एकच खोल खळगा असेल तर आधी उखळाचा संशय घ्या.) ऊन तिरपं असताना, सकाळी किंवा दिवस कलल्यावर बघा. भर दुपारी या ओळी डोळ्यांसमोर असूनही दिसत नाहीत.

जुनापाणीच्या या खुणांवर ब्रिटिश अधिकारी रिव्हेट-कार्नाक यांनी 1879 मध्येच लिहिलं आणि ब्रिटनमधल्या शिळांवरच्या तशाच खुणांशी त्यांची तुलना केली. अलीकडे काही अभ्यासकांनी या ओळींचा संबंध दिशांशी आणि आकाशाशी लावून पाहिला. मला ते पूर्ण पटलेलं नाही, पण तपासायचं तर गोटा जागचा हलायला नको. सरकवलेल्या गोट्यावर वाटी शिल्लक राहते, ती कुठल्या दिशेला होती हे मात्र गेलं.

जुनापाणीची रिंगणं भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडं संरक्षित आहेत. अशा स्मारकाभोवती 100 मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी, त्यापुढं 200 मीटर परवानगी लागते. पण विदर्भातली कितीतरी रिंगणं वावरातच आहेत, आणि नांगराला आडवा येणारा गोटा उचलून धुऱ्यावर टाकायची आपली जुनी सवय. तेव्हा वाट्यांची ओळ दिसली, तर गोटा हलवायच्या आधी निदान फोटो काढा, उत्तर दिशा कुठं आहे ते त्यात दिसेल असा.